वैजूचा हातगुण

बटण दाबलं. कॅबिनेटमधला पंखा फिरला, हिरवा दिवा लागला आणि मॉनिटर काळा तो काळाच राहिला. मी पुन्हा दाबलं. पुन्हा पंखा फिरला. पडद्यावर माझाच चेहरा तेवढा दिसत होता.

काचेच्या दाराबाहेरून बाबांनी विचारलं, "काहून रे नंदू? हेही गेलं का?"

"बोर्डच खराब आलाय."

"कालचाही खराबच आला होता."

ते आत आले नाहीत. दार अर्धवट ढकलून त्यांनी नुसता हात पुढे केला. न उघडलेल्या मदरबोर्डचं खोकं मी त्या हातात दिलं. ते घेऊन बाबा मागच्या खोलीत गेले. तिथं माझी धाकटी बहीण वैजयंती जमिनीवर मांडी घालून काम करत बसलेली असायची. जोडणी नीट झालेलं मशीन सुरू होताना एकदाच बारीकसं 'पीं' करतं. थोड्या वेळानं मागून तो आवाज आला आणि पाठोपाठ बाबांचा, "वा गं माय."

त्या हिवाळ्यात मला त्या 'पीं'चा जितका राग आला तितका आयुष्यात कशाचाच आला नसेल.

आमचं दुकान अकोल्याला. पाटीवर 'ताथोड रेडिओज' होतं. बाबांनी सगळी उमर रेडिओ आणि टेप दुरुस्त करण्यात घालवली. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून आलो तेव्हा त्यांनी पाटीवर 'अँड कॉम्प्युटर्स' वाढवून घेतलं. पुढच्या भागात माझ्यासाठी काचेची केबिन केली, आत निळं कार्पेट टाकलं, रेक्झिनची चाकाची खुर्ची आणली. कॉम्प्युटरला थाट लागतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. उन्हाळा, पावसाळा चांगला गेला. मी सुटे भाग आणायचो, जोडायचो, मशीन विकायचो. वैजू बी.एस्सी. होऊन घरी होती. दिवाळीच्या गर्दीत हाताखाली म्हणून दुकानात यायला लागली आणि जोडणी पाहून पाहून शिकली. केबिनमध्ये दोघांना जागा नव्हती, म्हणून ती मागे बाबांच्या जुन्या बुटक्या टेबलापाशी बसायला लागली.

थंडी पडली आणि माझ्या हातातली मशीन मरायला लागली. सगळी नाही. एखादं चालायचं, एखादा बोर्ड जायचा, एखादी रॅमची पट्टी जायची. तोच माल वैजूच्या हातात गेला की 'पीं'.

बाबांनी आधी काही म्हटलं नाही. मग एक दिवस नव्या मालाची खोकी आली, ती केबिनमध्ये न ठेवता थेट मागे नेली. मला म्हणाले, "तू बिलं पाहत जाय. तुझं इंग्रजी चांगलं हाये."

मी बिलं पाहायला लागलो. मधूनमधून एखादं मशीन तेवढं जोडायला हातात यायचं.

लोकांचं तोंड कोण धरणार? आधी बाबा म्हणाले, "वैजूच्या हाताले यश हाये." मग शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला. मग गिऱ्हाइकं म्हणायला लागली. एका बाईनं नव्या मशीनचे पेढे आणले ते माझ्यासमोरून मागच्या खोलीत नेले, कारण 'ताईंच्या हातगुणाचं' होतं. परत जाताना एक पेढा माझ्याही टेबलावर ठेवला. तो मी संध्याकाळी कागदात गुंडाळून गटारात टाकला.

मी तिच्यावर नजर ठेवायला लागलो. केबिनच्या काचेतून मागच्या खोलीचं दार दिसायचं, दारातून तिचे हात. ती बोर्ड कसा धरते, कुठला स्क्रू आधी पिळते, सुट्या भागाची पिशवी कशी फाडते. ती पट्टी बसवताना ओठ दाबून धरायची, मीही धरून पाहिले. ती सकाळी गणपतीच्या फोटोला उदबत्ती लावून कामाला लागायची. मी एक दिवस तिच्या आधी येऊन लावली. त्या दिवशी दोन पट्ट्या गेल्या. तिच्यासारखं सगळं करून पाहिलं, फक्त तिच्यासारखं जमिनीवर बसलो नाही. मी डिप्लोमावाला. रेडिओवाल्यासारखा मांडी घालून कशाला बसेन?

घरीसुद्धा बाबा जेवताना तिच्याशी बोलायचे. "उद्या किती होतील?" "हार्ड डिस्क तापते म्हणते तो गिऱ्हाईक, पाह्य बरं." मी भाकरी मोडत ऐकायचो. वैजू मात्र 'हो', 'बघते' एवढंच बोलायची. मला वाटायचं, किती माज आहे. एवढं कौतुक होतंय आणि हिला धड हसावंसंही वाटत नाही.

तशात कॉलेजची ऑर्डर आली. अख्खी प्रयोगशाळा उभी करायची होती आणि संक्रांतीनंतर तिचं उद्घाटन ठरलं होतं. आमच्या दुकानानं एवढं मोठं काम पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. विभागप्रमुख गुल्हाने सर स्वतः आले. केबिनमध्ये माझ्यासमोर बसले, माझा चहा प्यायले. उठताना म्हणाले, "एक विनंती आहे, राग मानू नका. जोडणी ताईंच्या हातची असू द्या. नाहीतर आम्हाला मशीन नागपूरहून मागवावी लागतील."

बाबा दारातच उभे होते. "तिच्याच हातची देतो, सर. तिले कुठं पाठवत नाई मी."

त्या वाक्यावर मागच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. स्क्रू ड्रायव्हर असावा. मी तिकडे लक्ष दिलं नाही. राग मानू नका, हे शब्द तेवढे माझ्या कानात घोळत होते.

मेलेले बोर्ड बदलून आणायला मी नागपूरला गेलो. खरं तर भांडायलाच गेलो. मालच खराब निघाला असं माल देणाऱ्यांनी कबूल केलं असतं तर मी ते बाबांच्या तोंडावर फेकणार होतो. ज्यांच्याकडून माल घ्यायचो त्यांच्या दुरुस्ती विभागात बोबडे म्हणून एक इंजिनिअर होते, पिकल्या मिशांचे, हळू बोलणारे. काम करताना त्यांच्या डाव्या मनगटावर एक पट्टा होता आणि पट्ट्याची वायर टेबलाखाली गेलेली होती.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्याकडे सगळेच बोर्ड जातात का?"

"काही."

"कुणाच्या हातून?"

त्यांनी वर पाहिलं.

"माझ्या," मी म्हणालो.

"आणि बाकीचे?"

"बहीण करते. तिच्या हातून जात नाहीत."

मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. डॉक्टर विचारतो तसं विचारत गेले. मी कुठं बसतो, खाली काय अंथरलंय, पायात काय असतं, हा अंगातला स्वेटर लोकरीचा की नायलॉनचा. मग बहीण कुठं बसते.

"ती मागे, फरशीवर. अनवाणीच असते. वडिलांच्या जुन्या टेबलावर काम करते."

"लाकडी?"

"वर पत्रा ठोकलाय. पत्र्याला अर्थिंगची तार आहे. रेडिओच्या काळापासून आहे ती."

"कपडे?"

"सुतीच. दुसऱ्या कपड्यानं तिला पुरळ येतो."

बोबड्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "मग झालं की. थंडीत स्वेटर डोक्यावरून काढताना चटचट होतं, दाराच्या मुठीला हात लावला की झटका बसतो. बसतो ना?"

"रोज."

"तीच ती वीज. स्टॅटिक. नायलॉन, रेक्झिन, कार्पेट, एकमेकांवर घासलं की ती अंगावर साचते. हवा कोरडी असली की जागची हलत नाही. तुम्ही रॅमला हात लावता आणि ती एका क्षणात त्या चिपमधून निघून जाते. तुम्हाला झटका जाणवला नाही तरी चिप मरते. तुमच्या बहिणीच्या अंगावर ती साचतच नाही. जे काही असेल ते पत्र्यातून जमिनीत जातं."

"पण पावसाळ्यात माझीही मशीन चालत होती."

"चालणारच. हवेत ओल होती. उन्हाळ्यात कूलरची ओल असेल, आणि अंगात हा स्वेटर नव्हता."

त्यांनी कपाटातून तसाच एक मनगटाचा पट्टा काढून दिला. वायरचं दुसरं टोक अर्थिंगला जोडायचं, भाग चंदेरी पिशवीतून शेवटच्या घटकेला काढायचे, पट्टी कडेनं धरायची, कार्पेट उचलून टाकायचं. सगळं समजावून सांगितलं. मी मान डोलावत होतो, पण डोक्यात एकच गाणं चाललं होतं. पत्रा आणि फरशी. हात नव्हे. तिच्या हातात काहीसुद्धा नाही.

परतीच्या बसमध्ये माझ्या आनंदाला पारावार नव्हता. दुकान वाचेल, ऑर्डर वेळेत होईल, यातलं काही मनातसुद्धा आलं नाही. बाबांचा चेहरा कसा उतरेल आणि वैजूचा त्याहून कसा उतरेल, हेच मी अमरावतीपासून मूर्तिजापूरपर्यंत मनाशी रंगवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि सगळं सांगितलं. मुद्दाम सावकाश सांगितलं.

बाबांनी मान हलवली. "झटक्यानं बोर्ड मरते? मी चाळीस वर्षं विजेतच हात घालून बसलो, बापा."

"रेडिओचं वेगळं होतं, बाबा."

"हातगुण हातगुणच असते. तुह्या आजीच्या हातचं लोणचं कधी नासलं नाई, ते काय अर्थिंगनं?"

वैजू पट्टा हातात घेऊन उलटसुलट करून पाहत होती. तिचा चेहरा उतरेल म्हणून मी वाट पाहत होतो. ती म्हणाली, "दादा, हे खरं असेल तर मी तुझ्या जागी बसले की माझ्याही हातून जायला पाहिजे."

"जाईलच."

"मग बसते."

"काई गरज नाई," बाबा म्हणाले. "चांगला माल मारायले बसते का कोणी जाणूनबुजून?"

"एकच पट्टी, बाबा. कॉलेजचं एवढं काम आहे. खरं काय ते कळायला नको?"

बाबा काही बोलायच्या आत तिनं हात पुढे केला. मी स्वेटर काढून दिला. तो तिनं ड्रेसवर चढवला. तिच्या चपला बाहेर होत्या, तिनं माझे बूट मागून घेतले. माझे बूट, माझा स्वेटर घालून ती माझ्या खुर्चीत बसली तेव्हा ती अगदी लहान दिसली. तिनं कार्पेटवर पाय घासले, खुर्ची मागेपुढे केली, मग पिशवीतून रॅमची पट्टी काढून बोर्डात बसवली. बटण दाबलं.

'पीं.'

पडद्यावर अक्षरं आली. बाबांनी मोठ्यानं श्वास सोडला. "पाह्य. म्हटलं होतं ना मी?"

आता हा हातगुण शपथेवर सिद्ध झाला होता, आणि तो सिद्ध करून देणारा मीच होतो.

"पुन्हा," वैजू म्हणाली.

"आता कशाले पुन्हा?"

"एकदा चालली म्हणून काय झालं? दादाचीही सगळीच जात नाहीत."

तिनं मशीन बंद करून पट्टी बाहेर काढली. स्वेटर डोक्यावरून काढला, चटचट आवाज झाला, तिचे केस उभे राहिले. तो पुन्हा घातला. पाठ खुर्चीच्या रेक्झिनवर घासली, पाय कार्पेटवर घासत राहिली. खाली मान घालून, दात दाबून, लहान मूल हट्टानं एखादी गोष्ट करतं तसं करत होती. मी तिच्याकडे पाहतच राहिलो. पट्टी जावी असं माझ्याहून जास्त तिलाच वाटत होतं. का, ते मला समजेना.

तिनं बोट पुढे केलं. पट्टीच्या सोनेरी दातांपाशी टाचणीच्या टोकाएवढी निळी ठिणगी मला स्पष्ट दिसली. "आई गं," ती हळूच म्हणाली. पट्टी बसवली, बटण दाबलं.

पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. पडदा काळाच राहिला. मशीन रडल्यासारखं लांब 'पींऽऽ' करत राहिलं.

मी तेच मशीन मागच्या टेबलावर नेलं, दुसरी पट्टी लावली, ते चाललं. म्हणजे गेली होती ती पट्टीच. मी केबिनमध्ये परत आलो तेव्हा बाबा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते आणि वैजू हसत होती. दिवाळीपासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "आता तरी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या पायातल्या माझ्या बुटांकडे पाहिलं.

"हे कॉलेजचं होऊ दे," ते म्हणाले. "मंग जाय."

"कुठं जाय?" मी विचारलं.

वैजूनं वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या.

संध्याकाळी दुकानातून घरी चालत जाताना मी पुन्हा विचारलं. रस्त्याच्या कडेला कचऱ्याच्या शेकोट्या पेटल्या होत्या. ती आपल्या सुती ओढणीत हात गुंडाळून चालत होती.

"पुण्याला वेधशाळेत माझी निवड झालीय," ती म्हणाली. "हवेत सोडतात त्या फुग्यांना छोटे रेडिओ बांधलेले असतात. वरची हवा किती थंड, किती ओली, ते खाली कळवतात. ते रेडिओ तपासायचं काम."

"कधी झाली?"

"दिवाळीच्या आधी. बाबांना सांगितलं. म्हणाले, थोडं थांब. मग तुझे बोर्ड जायला लागले. मग म्हणाले, तू गेली तर दुकान बसते, तुह्या हातावर चाललंय सगळं. मी तिकडून मुदत मागून घेतली. ती आता संपत आली होती."

"मला कुणी सांगितलं नाही."

"बाबांनी सांगू दिलं नाही. दादाला कळलं की बहीण गेल्यावर दुकान चालणार नाही असं बापाला वाटतं, तर तो मनाला लावून घेईल म्हणाले."

ज्या 'पीं'पायी मी जळत होतो, त्या प्रत्येक 'पीं'सरशी ती त्या बुटक्या टेबलाशी आणखी घट्ट बांधली जात होती. बोर्ड मुद्दाम बिघडवणं तिच्या स्वभावात नव्हतं. चांगलं काम करत होती आणि अडकत होती.

"तू तरी मला सांगायचंस," मी म्हणालो. "मी बाबांशी भांडलो असतो. तुला पाठवलं असतं."

"माहीत होतं मला."

"मग?"

ती थांबली. "कशासाठी पाठवलं असतंस, तेही माहीत होतं, दादा. केबिनच्या काचेतून दोन्हीकडून दिसतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. मग ती पुढे चालायला लागली आणि आई आज काय करणार असेल, याबद्दल बोलायला लागली.

बाबांनी कार्पेट स्वतः उपटलं. मी मागच्या खोलीत बुटक्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, मनगटाला पट्टा बांधून, मांडी घालून बसलो. कॉलेजची मशीन आम्ही दोघांनी जोडली. माझ्या हातून एकही गेलं नाही. गुल्हाने सरांना मात्र बाबांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही की अर्धी माझ्या हातची होती. मला वाटतं तेव्हा त्यांचीही खात्री पटायची होती.

वैजू गेली त्या दिवशी आम्ही तिघं तिला स्टेशनवर सोडायला गेलो. दुपारची वेळ होती. आईनं डबा दिला, पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. गाडी लागली, वैजू खिडकीत बसली. तेव्हा बाबांनी सदऱ्याच्या खिशातून आपला टेस्टर काढला. पिवळ्या मुठीचा, मुठीवर त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडलेला. तो त्यांचा जीव होता. मी डिप्लोमा होऊन आलो तेव्हासुद्धा त्याला त्यांनी मला हात लावू दिला नव्हता. दुसरा विकत घे म्हणाले होते.

"राहू दे जवळ," त्यांनी तो खिडकीतून आत दिला. "तिथं लागन तुले."

माझ्या छातीत कळ आली. इतकं सगळं होऊन गेल्यावरही आली, तशीच्या तशी.

वैजूनं टेस्टर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं ते तिला दिसलंच असणार. ती मोठ्या मनाची होती. 'दादालाच असू दे, त्याला दुकानात लागेल,' असं म्हणणं तिला सहज जमलं असतं. मी तेच ऐकायच्या भीतीनं उभा होतो. तिनं तो तेव्हा माझ्या हातात ठेवला असता, तर मी जन्मभर तिला माफ केलं नसतं.

तिनं पर्स उघडली, टेस्टर आत ठेवला आणि चेन ओढून घेतली.

"येते, दादा," ती म्हणाली.

"पोचल्यावर फोन कर," मी म्हणालो.